सहा सेशननंतरचा फोटो

“चाचा, तुमचं मशीन उचला आणि घेऊन जा.”

डॉक्टर वैशाली फोनवर ओरडत नव्हत्या. त्या कधीच ओरडत नाहीत. पुण्याच्या आहेत. त्या फार हळू बोलायला लागल्या की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

मी तेव्हा दुबईत जबल अलीला आमच्या वेअरहाऊसमध्ये एका लेसर मशीनच्या पोटात डोकं घालून पडलो होतो. पाण्याचा पंप गळत होता. फोन खांद्यात धरून विचारलं, “काय झालं मॅडम?”

“तिसरी क्लायंट आज रडत गेली. सहा सेशन झाले, फोटो काढला, तर आधीपेक्षा वाईट दिसतंय. तिसरी, चाचा. एक असती तर मी समजू शकले असते.”

“मशीन चालू होत नाही का?”

“होतं की. आवाज करतं, दिवे लावतं, पॅकेज संपवतं. फक्त काम करत नाही.”

माझं डोकं फिरलं. त्या मशीनची सर्व्हिस दोन महिन्यांपूर्वी मीच केली होती. रिपोर्टवर माझी सही होती. मी मराठीत सही करतो, ‘हसन’, एवढीच. रायगडात म्हसळा तालुक्यातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो, तेवढ्यात जी सही आली ती सहासष्टाव्या वर्षापर्यंत पुरली. पण ज्या मशीनवर ती सही आहे, ते मशीन खराब निघालं असं या कंपनीतल्या पंधरा वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.

आमची कंपनी स्किन क्लिनिकना मशीन विकते आणि त्यांची दुरुस्ती करते. दुरुस्ती म्हणजे मी आणि दोन इंजिनियर. इंजिनियर लॅपटॉप लावून बघतात. मी कान लावून बघतो.

सर्व्हिस मॅनेजर नितीन डोंबिवलीचा. माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, पण साहेब आहे. मी त्याला सगळं सांगितलं.

“चाचा, तुम्ही जा, पण भांडू नका. चांगली क्लायंट आहे,” तो म्हणाला.

“मी कधी भांडतो?”

नितीनने भुवया वर केल्या.

“बरं, नाही भांडत,” मी म्हणालो, “पण मशीन माझं बरोबर आहे.”

“बघितलं पण नाही अजून!”

“बघायला काय लागतं?”

आता हे मशीन कशाचं, ते आधी सांगतो. नाहीतर पुढचं कळणार नाही.

बायकांच्या मांड्यांवर, कमरेखाली कातडीला खळगे पडतात. त्याला सेल्युलाईट म्हणतात. आजार नाही. जाड्या बाईला असतं, सुकडीला पण असतं, वजन उतरवलं म्हणून जातंच असं नाही. मला आधी हे समजत नव्हतं. डॉक्टर वैशालींनी एकदा चित्र काढून समजावलं. कातडीखाली चरबी असते आणि कातडीला खालून बारीक दोऱ्यांनी बांधून ठेवलेलं असतं. मी म्हणालो, “म्हणजे गादी! गादीला जिथे टाका घालतात तिथे खळगा पडतो, आणि मधला कापूस वर फुगतो.” त्या हसल्या. आता त्या सगळ्या क्लायंटना गादीच सांगतात. उदाहरण माझं आहे, हे कुणाला सांगत नाहीत, पण चालायचंच.

इलाज बरेच आहेत, पण पूर्ण जाईल असा एकही नाही. क्रीम लावा, थोडे दिवस कातडी तुकतुकीत दिसते. आमच्यासारखं मशीन कातडी आत ओढतं, रोलरने मळतं आणि आतून गरम करतं. ओढायला व्हॅक्यूम आणि गरम करायला रेडिओ लहरी. त्याने फरक पडतो, पण अधूनमधून पुन्हा करावं लागतं. धक्के देणारं मशीन असतं. बारीक सुईसारखी लेसरची तार आत घालतात. आणि डॉक्टरने सुईने आतला टाकाच कापायचा, हा एक. तो जास्त टिकतो, पण काळं-निळं होतं, आणि तो आमच्या मशीनचा विषय नाही. डॉक्टर वैशाली हे सगळं पहिल्याच दिवशी सांगतात. “जादू पाहिजे असेल तर दुसरीकडे जा,” असं तोंडावर सांगतात. म्हणून मला ही बाई आवडते.

सहाशे दिरहमला एक सेशन. आपले चौदा हजार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुर्चीवर बसलो होतो म्हणून बरं.

दुपारी क्लिनिकला पोचलो. डॉक्टर मशीनच्या खोलीत उभ्या होत्या. कोपऱ्यात वनिता. वनिता ही तिथली थेरपिस्ट, म्हणजे मशीन प्रत्यक्ष हाताने चालवणारी. साताऱ्याकडची पोरगी. चार महिने फेशियलवर होती. आधीची थेरपिस्ट कॅनडाला गेली तेव्हापासून, दोन महिने झाले, हे मशीन तिच्याकडे.

मी पेटी उघडली. आधी फिल्टर काढला. साफ. नळी वाकवून बघितली. कुठे चीर नाही. हँडपीस, म्हणजे हातात धरून मांडीवरून फिरवतात तो भाग, त्याला माझं प्रेशर मीटर लावलं. काटा जिथे पाहिजे तिथे. रोलर फिरवले. एकातही केस अडकलेला नाही, आवाज नाही. मग पॅडवर जेल लावून गरम किती होतं ते मोजलं. चाळीस, एक्केचाळीस. बरोबर तेवढंच. शेवटी बाही वर करून स्वतःच्या हातावर चालवलं. मी हे नेहमी करतो. जे मशीन स्वतःच्या हातावर फिरवायची भीती वाटते, ते गिऱ्हाईकाला द्यायचं नाही.

“मशीन ओके,” मी म्हणालो.

“मग फोटो असे का?” डॉक्टरांनी टॅबलेट माझ्यापुढे धरला.

मी मान फिरवली. “मॅडम, मी बायकांचे फोटो बघत नाही.”

“चाचा, चेहरा नाहीये त्यात.”

“चेहरा नाही म्हणूनच बघत नाही.”

वनिताला हसू आलं, पण तिने ते गिळलं. या धंद्यात आलो तेव्हाच हा नियम केला. आत बाई असेल तर खोलीत जायचं नाही, आणि तिचा फोटो बघायचा नाही. घरी व्हिडिओ कॉल करतो तेव्हा बायकोच्या डोळ्याला डोळा देऊन बोलता आलं पाहिजे.

“ठीक आहे. मी सांगते ते ऐका,” डॉक्टर म्हणाल्या. “फोटोची आमची पद्धत ठरलेली आहे. एकच खोली, एकच कॅमेरा. जमिनीवर पावलांचे स्टिकर आहेत, त्यावरच उभं राहायचं. तिन्ही बायकांचे आधीचे फोटो बरे आहेत. सहा सेशननंतरचे फोटो खड्डेच खड्डे. फोटो खोटं बोलत नाही, चाचा.”

“मशीन पण बोलत नाही.”

“मग उरलं कोण?”

आणि मी म्हणालो, “मग हात चुकत असेल.”

असं सहज म्हणालो. मशीन वाचवायला. खोलीत ती पोरगी उभी आहे याचा विचार केला नाही. डॉक्टर वनिताकडे बघायला लागल्या आणि वनिता जमिनीकडे.

“हम्म,” डॉक्टर म्हणाल्या. “मला पण तेच वाटत होतं.”

संध्याकाळी मी व्हॅन काढत होतो तर वनिता बस स्टॉपवर उभी. ती इंटरनॅशनल सिटीत राहते, मी पण. दोन बिल्डिंग सोडून. म्हणालो, “चल, सोडतो.” ती मागच्या सीटवर बसली. अल खैल रोडला ट्रॅफिक. वीस मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. मला गप्प बसणाऱ्या माणसांची सवय नाही.

“जेवलीस का दुपारी?” मी विचारलं.

“चाचा, गुरुवारी माझं प्रोबेशन संपतंय.”

प्रोबेशन म्हणजे सहा महिन्यांची परीक्षा. पास झाली तर नोकरी पक्की, नापास झाली तर व्हिसा कॅन्सल आणि परतीचं तिकीट. तो दिवस सोमवार होता.

“मॅडम म्हणाल्या, आता कन्फर्म करणं अवघड आहे. गुरुवारी सांगते म्हणाल्या.” ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. “माझे मिस्टर रास अल खैमाला टाइल्सच्या फॅक्टरीत आहेत. लेबर कॅम्पमध्ये राहतात. माझी नोकरी पक्की झाली की शारजात खोली घ्यायची, आणि इराला आणायचं. सात वर्षांची आहे. आजीकडे आहे. शाळेत नाव पण सांगून ठेवलंय.”

मी आरशात बघितलं. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, मी दोन शब्द समजुतीचे बोललो असतो.

“तुझा हात खरंच चुकतोय का?” मी विचारलं.

तेव्हा मात्र ती पुढे वाकली. “तुम्ही बघितलाय का माझा हात? न बघताच बोललात. मी तुम्हाला न बघता म्हणाले असते का, की मशीन खराब आहे? पहिल्या दिवसापासून मी मॅडमना सांगतेय, मशीन चांगलं आहे.”

ती उतरली तेव्हा दरवाजा जोरात लावला. कंपनीच्या व्हॅनचा दरवाजा असा कुणी आपटला तर मी बोलल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी राहिलो.

मंगळवारी नितीनला म्हणालो, “क्लिनिकला परत जायचंय.”

“रिपोर्टमध्ये तर मशीन ओके लिहिलंत. खलास. आता कशाला?”

“दुसरं काहीतरी बघायचंय.”

“काय?”

“हात.”

त्याला काही कळलं नाही. म्हणाला, “लंच टाईममध्ये जा. तीनपर्यंत परत या.”

म्हणून डबा घेऊनच गेलो. क्लिनिकला दुपारी एक ते दोन क्लायंट नसतात. मी खुर्चीत बसलो, बाही कोपराच्या वर सरकवली आणि वनिताला म्हणालो, “चालव.”

“कशावर?”

“माझ्यावर. क्लायंट समज.”

“क्लायंट इतकं बोलत नाहीत.”

“बरं, नाही बोलत.”

तिने पातळ कपडा हातावर चढवला, हँडपीस लावला. मी डोळे मिटले. मी आयुष्यात पुष्कळ लोकांचे हात बघितलेत. पॉलिश मारणारे, वेल्डिंग करणारे, रंग फवारणारे. हात चांगला की वाईट हे डोळे मिटून लगेच कळतं. वाईट हात जाताना जोर देतो आणि येताना सोडतो. हिचा हात जाताना जेवढा, येताना तेवढाच. कुठे थांबला नाही, कुठे दाबला नाही. दहा मिनिटांत माझा हात सगळीकडे सारखा कोमट झाला.

मी डोळे उघडले. डॉक्टर दारात उभ्या होत्या.

“काय म्हणतो हात?” त्यांनी विचारलं.

“हात बरोबर आहे.”

“काल चूक होता.”

“काल मी बघितला नव्हता.”

डॉक्टर भिंतीला टेकल्या. थकल्या होत्या बिचाऱ्या. “चाचा, मशीन बरोबर, हात बरोबर, आणि फोटो चूक. हे कसं व्हायचं? गंमत म्हणजे एक चौथी क्लायंट आहे, तिचे फोटो चांगले आलेत. ती कधी आली माहितीये? त्या तिघींच्या नंतर. तेच मशीन, तोच हात. मी काय समजू?”

“फोटो कुठे काढता?”

“तुम्ही तर फोटो बघत नाही!”

“खोली बघतो. खोलीला काय झालं?”

फोटोची खोली म्हणजे कोपऱ्यातली छोटी खोली. काळा पडदा, स्टँडवर कॅमेरा, जमिनीवर पावलांचे दोन स्टिकर. डॉक्टरांना फोन आला, त्या बाहेर गेल्या. मी आत एकटा. हातात डबा. ठेवायला टेबल नाही, स्टूल नाही. म्हणून तो पावलांच्या स्टिकरवर ठेवला आणि दिव्याचं बटण दाबलं.

डबा माझा स्टीलचा आहे, बावीस वर्षं जुना. त्याला पोचे आहेत हे मला माहीत होतं. दोन-तीन असतील असं वाटत होतं. पण दिवा लागला आणि त्या डब्याला जागोजागी पोचे दिसायला लागले. उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायला लागला. मी तो उचलून बाहेर पॅसेजमध्ये नेला. डबा गुळगुळीत. परत आत नेला. बटाटा.

आणि मी तिथेच उभा राहिलो.

एकोणीस वर्षांचा असताना मी शारजात गॅरेजमध्ये लागलो, डेंटर म्हणून. ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करायचं काम. पत्रा सरळ झाला की नाही हे हाताने थोडं कळतं, डोळ्याने जास्त. पण त्याला उजेड बाजूने मारायला लागतो. बाजूने किंवा वरून उजेड आला की प्रत्येक खळग्यात सावली बसते आणि तो दिसतो. समोरून उजेड मारा, सावली जाते, ठोकलेली गाडी पण नवी दिसते. आमचा वस्ताद काम तपासताना ट्यूब आडवी धरायचा, आणि गिऱ्हाईक आलं की समोरचे दिवे लावायचा. हे मला जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी शिकवलेलं.

मी वर बघितलं. छतात तीन स्पॉटलाईट होते. सरळ खाली, पावलांच्या स्टिकरवर.

ते दिवे मी लावलेले.

दोन महिन्यांपूर्वी, सर्व्हिसच्या दिवशी. तेव्हा या खोलीत कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या ट्यूब होत्या. समोरून उजेड. त्यातली एक लुकलुकत होती. डॉक्टर जाता जाता म्हणाल्या होत्या, “चाचा, एवढी ट्यूब बदलून द्याल का?” कंपनीचं काम नव्हतं ते. पण आमच्या गावाकडे कुणी घरातलं छोटं काम सांगितलं तर नाही म्हणायची रीत नाही. माझ्याकडे त्या मापाची ट्यूब नव्हती. एका शोरूमच्या कामातून उरलेले तीन स्पॉटलाईट व्हॅनमध्ये होते. मी म्हटलं, ट्यूब कसली लावायची, जरा चांगलं काहीतरी करून देऊ. छताला तीन भोकं पाडली, दिवे बसवले, ट्यूब स्टँडसकट काढून नेल्या. डॉक्टर म्हणाल्या, “वा, खोली किती छान दिसतेय!” मी आठवडाभर त्याच खुशीत होतो.

त्या तीन बायकांचे आधीचे फोटो ट्यूबच्या उजेडात काढलेले. नंतरचे माझ्या दिव्यांखाली. चौथी आली ती दिवे बदलल्यानंतर. तिचे दोन्ही फोटो एकाच उजेडातले, म्हणून तिचा फरक दिसला. तिथे मशीनचा संबंध नव्हता आणि हाताचा पण नव्हता.

मी फोटो बघितले असते तर एका मिनिटात सावली ओळखली असती. नाही बघितले. त्याचं मला वाईट वाटत नाही. नियम बरोबर आहे. पण खोली तरी सोमवारीच बघायला पाहिजे होती.

खोलीत कुणी नव्हतं. दिवे कुणी बदलले हे डॉक्टरांच्या लक्षात पण नसेल. ‘लाईटिंगचा प्रॉब्लेम आहे’ एवढंच म्हणालो असतो तरी काम भागलं असतं. मला हुशार म्हटलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू. मग कालचा तो दरवाजा आपटलेला आठवला.

मी हाक मारली. “मॅडम! वनिता! दोघी या.”

दोघी आल्या. मी डबा दाखवला, आत आणि बाहेर. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. “म्हणजे सावली?”

“थांबा. नुसतं ऐकून विश्वास ठेवू नका. फोटो काढा.”

“कशाचा?”

मी शर्टाची बटणं काढली आणि उजवा दंड मोकळा केला. सहासष्ट वर्षांचा दंड आहे, कातडी जराशी सैल झालीय. फार नाही. पावलांवर उभा राहिलो. “काढा.”

वनिताने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरांनी फोटो काढला. मग मी व्हॅनमधून जुन्या ट्यूब आणल्या. मी काही फेकून देत नाही, घरचे लोक त्यावरून हसतात. चांगली ट्यूब लावली आणि दुसऱ्या बाजूला मशीन तपासायचा माझा उभा दिवा धरायला वनिताला सांगितलं. स्पॉटलाईट बंद. दुसरा फोटो.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. हे फोटो मी बघितले, माझेच होते. पहिल्यात दंड म्हणजे वाळत घातलेला टॉवेल. दुसऱ्यात चाळिशीतला गडी.

“पाच मिनिटांत वीस वर्षं कमी झाली,” वनिता म्हणाली. “चाचा, एवढं माझं मशीन पण करत नाही.”

“मग खरा दंड कुठला?” डॉक्टरांनी विचारलं. थट्टा करत नव्हत्या, खरंच विचारत होत्या.

“दोन्ही खरे. पण आधीचा आणि नंतरचा एकाच उजेडात पाहिजे. ट्यूब तर ट्यूब, स्पॉट तर स्पॉट.”

“हो. अगदी बरोबर. मी डॉक्टर असून—” त्या थांबल्या. “पण हे दिवे बदलले कोणी?”

“मी.”

दोघींनी वर छताकडे बघितलं.

“तुम्ही ट्यूब बदला म्हणालात. मी छत फोडलं. तुम्ही सांगितलं नव्हतं, मला वाटलं छान होईल. आणि काल मी म्हणालो हात चुकतोय. तो हात न बघता म्हणालो.” मग वनिताकडे वळलो. “माफ कर, बेटा. चूक माझी होती.”

हा शब्द मी फार वेळा वापरलेला नाही. माझ्या बायकोला विचारा.

हातातला दिवा वनिताने खाली ठेवला, नीट, वायर गुंडाळून. मग म्हणाली, “चाचा, शर्ट घाला. सर्दी होईल, एसी आहे.”

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. “वनिता, मी तुला खूप बोलले गेल्या आठवड्यात.”

“हो मॅडम. बोललात,” वनिता म्हणाली.

एवढंच. पण ते ‘हो’ मला आवडलं.

त्याच दिवशी मी नवी ट्यूब आणली, जुन्या स्टँडवर दोन्ही बसवल्या, जुन्या खुणेवर. जमिनीवर स्टँडच्या पायांचे गोल डाग होते, म्हणून जागा अचूक सापडली. नितीनला फोन केला की तीनपर्यंत येत नाही.

“आता काय बघताय? पाय?”

“छत,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी तिसऱ्या क्लायंटला परत बोलावलं, जी रडत गेली होती तिला. सबनीस मॅडम, ठाण्याच्या. त्यांच्या बिल्डिंगमध्ये स्विमिंग पूल आहे आणि मुलगी पोहायला शिकत होती. त्यांना तिच्याबरोबर पाण्यात उतरायचं होतं, कमरेला टॉवेल न गुंडाळता. वनिताने नंतर सांगितलं म्हणून कळलं. एवढीच इच्छा, त्याच्यासाठी दोन महिने येत होत्या.

माझं तिथे काही काम नव्हतं. मी नितीनला सांगितलं, दिव्यांचं कनेक्शन एकदा तपासून येतो. पॅसेजमध्ये खुर्चीवर बसलो. फोटोच्या खोलीचा दरवाजा बंद. आतून डॉक्टरांचा आवाज, काय चूक झाली ते समजावत होत्या. “आमची चूक होती,” असं म्हणाल्या. हसनची असं म्हणाल्या नाहीत. मला ते ऐकून बरं वाटलं आणि नाही पण वाटलं.

मग कॅमेऱ्याचा आवाज. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. माझ्यासमोर पाण्याचा कूलर होता, त्यात एक बुडबुडा वर आला तेवढाच आवाज. मी मनात म्हणालो, फरक नसेलच पडला. सगळ्यांना पडत नाही. मग माझा डबा, माझा दंड, सगळं फुकट, आणि पोरगी साताऱ्याला.

“अगं, हे बघ,” आतून सबनीस मॅडमचा आवाज आला. “इथे कमी झालंय.”

“इथे पण,” वनिता.

“इथे नाही झालं.”

“तिथे नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तिथला टाका खोल आहे. तो मशीनने जाणार नाही. कापायचा असेल तर मी कापीन, आठ-दहा दिवस काळं-निळं राहील. नाहीतर आहे तसं ठेवा. जे कमी झालंय ते टिकवायला दोन-तीन महिन्यांनी एखादं सेशन लागेल. घाई नाही. घरी जाऊन विचार करा.”

“कापाकापी नको. एवढं पुरे मला. आणि आता हीच करणार ना माझं सेशन?”

“हो. वनिताच,” डॉक्टर म्हणाल्या.

मी उठलो आणि कनेक्शन तपासायला गेलो. कुठलं, ते आठवत नाही. सबनीस मॅडम निघून गेल्यावर वनिता बाहेर आली. हातात कागद होता. ऑफिसचं लेटर, इंग्रजीत, मला वाचता येत नाही. पण शिक्का ओळखता येतो.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“कन्फर्म्ड.”

“अल्हम्दुलिल्ला. फोन केलास रास अल खैमाला?”

“शिफ्टवर आहेत. चारला सुटतात.” ती कागदाची घडी करत राहिली. मग म्हणाली, “चाचा, संध्याकाळी व्हॅन इकडूनच जाणार का?”

“दरवाजा हळू लावणार असशील तर जाईल.”

बाकीच्या दोघी क्लायंट पुढच्या आठवड्यात येऊन गेल्या. एकीला बराच फरक होता, एकीला अगदी थोडा. तिने दुसरा इलाज घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं ते सगळं खरं सांगितलं. मशीन अजून तिथेच आहे. इरा एप्रिलमध्ये आली, शाळा सुरू झाली. तिला आणि तिला घ्यायला आलेल्या आई-बापाला मीच एअरपोर्टवरून घरी सोडलं. तेव्हा ती साताऱ्याचं मराठी बोलायची, माझ्या दाढीबद्दल दहा प्रश्न विचारले. आता विचारलं, “इरा, कशी आहेस?” तर म्हणते, “आय अ‍ॅम गुड, चाचा. अँड यू?” मी पण म्हणतो, गुड.

ते तीन स्पॉटलाईट मी काढले, छताची भोकं बुजवली, वरून रंग मारला. माझ्या खर्चाने. ट्यूबच्या बटणाखाली एक पट्टी चिकटवली आणि त्यावर मराठीत लिहिलं, ‘हा दिवा बदलायचा नाही. हसन.’ तिथे फिलिपिनो मुली पण आहेत, त्यांना वाचता येत नाही. पण त्या हात लावत नाहीत.

गेल्या महिन्यात सर्व्हिसला गेलो तर डॉक्टर म्हणाल्या, “चाचा, ते स्पॉटलाईट आहेत का अजून? वेटिंग रूममध्ये अंधार वाटतो.”

व्हॅनमध्येच होते. मी म्हणालो, “लावतो. पण इथे कुणाचा फोटो काढणार नाही ना?”

“नाही.”

“लिहून द्या.”

त्यांनी कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. मी तो कागद सर्व्हिस रिपोर्टला पिन केला. काम सांगितलं असेल तेवढंच करावं, हे मी यातून शिकलो. नंतर वेटिंग रूममध्ये चौथा दिवा जास्तीचा लावला, कारण तिथल्या माशांच्या टाकीवर अंधार होता.